पोट सुटलं नाही, मधली शिवण सैल झालीय

गेल्या आठवड्यात सांगलीहून मावसबहिणीचा फोन आला. बाळ पाच महिन्यांचं आहे. विश्रामबागेत कुणाकडे हळदीकुंकवाला गेली होती, तिथं एका बाईंनी चारचौघींत विचारलं, "परत काही आहे का गं?" घरी येऊन तिनं मोबाइलवर पोट कमी करायचा व्हिडिओ लावला आणि चटईवर सिट-अप्स सुरू केले. "ताई, उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येतोय, लांबट. आणि सासूबाई म्हणतात, पट्टा नीट बांधला नाहीस म्हणून पोट सुटलं." मी तिला आधी सिट-अप्स थांबवायला सांगितलं आणि मग हे लिहायला बसले, कारण असं ऐकून घेणारी ती एकटी नाही.

पोटावर उभ्या दोन स्नायूंच्या पट्ट्या असतात. त्यांना मधोमध एक पांढरट, चिवट पट्टी जोडून ठेवते. गरोदरपणात ही जोडपट्टी ताणते, दोन्ही स्नायू बाजूला सरकतात आणि मध्ये फट पडते. मार्केट यार्डात हळदीचं पोतं कोंबून भरलं की शिवण जशी ताणते, तसंच हे: दोरा तुटत नाही, सैल पडतो. याला डायस्टॅसिस म्हणतात. चरबीशी त्याचा संबंध नाही, बाईच्या आळशीपणाशी तर नाहीच. नॉर्वेत पहिलटकरणी ३०० बायकांचा अभ्यास झाला होता. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी त्यांच्यातल्या ६० टक्के बायकांमध्ये ही फट होती आणि वर्षानंतरही जवळपास एकतृतीयांश बायकांमध्ये ती उरलीच होती. म्हणजे हळदीकुंकवाला बसलेल्यांपैकी कितीतरी जणींची असेल. कुणी बोटं लावून बघितली नाहीत, एवढंच.

इथं स्टुटगार्टमध्ये ती बोटं माझ्या पोटाला लागली आणि जर्मनीचं सगळ्यात जास्त कौतुक मला त्याच गोष्टीचं आहे. बाळंतपणानंतर सुईण, इथल्या भाषेत हेबामे, घरी येते. बाळाचं वजन करते, नाळ बघते हे तर झालंच, पण त्यानंतर म्हणते, "आता तुम्ही झोपा." गुडघे वाकवून उताणं झोपायचं, तिनं बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवायची, मी डोकं जरासं उचलायचं. मग बेंबीपाशी आणि बेंबीखाली पुन्हा तेच. किती बोटं मावतात एवढंच ती बघत नाही, बोटांखाली ताण लागतो की बोटं मऊ आत जातात, हेही बघते. साधारण दोन बोटांपेक्षा जास्त असेल तर लक्ष द्यायचं. मशीन नाही, रिपोर्ट नाही. बाळाला बघायला घर भरून माणसं येतात, त्यात आईचं पोट तपासायला आलेली ही एकच.

पुढं दीड-दोन महिन्यांनी र्‍यूकबिल्डुंगचे, म्हणजे बाळंतपणानंतर पोट आणि ओटीपोटाचे स्नायू पूर्ववत करायच्या व्यायामाचे, वर्ग सुरू होतात. सिझेरियन असेल तर आणखी थांबतात. दहा तासांचा खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो, मात्र बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत वर्ग पूर्ण करावे लागतात. आणि हजर राहिलात तरच विमा पैसे देतो. बाळाला रात्रभर ताप होता, सकाळी कळवूनही त्या तासाचं बिल माझ्या नावानं आलं. तापलेलं पोर कुणाकडे ठेवायचं? इथं शेजारच्या काकूंच्या कडेवर देऊन जाता येत नाही. सांगलीत कुठल्याही क्लासवाल्या बाई म्हणाल्या असत्या, "असू दे गं, पुढच्या वेळी ये." त्या बिलाचा राग अजून गेलेला नाही.

पण वर्गात जे शिकवलं ते सोनं आहे. सुरुवात श्वासापासून. श्वास घेताना बरगड्या आणि पोट फुलू द्यायचं. सोडताना लघवी रोखून धरताना आवळतो ते खालचे स्नायू हलकेच वर ओढायचे आणि ओटीपोट सावकाश आत घ्यायचं. ते जमलं की उताणं झोपून एकेक टाच सरकवायची, मग कंबर उचलायची, मग हातागुडघ्यांवर. सिट-अप्स आणि प्लँक कायमचे वर्ज्य नाहीत, पण त्यांची पाळी नंतर. कसोटी एकच: व्यायाम करताना मधोमध उंचवटा आला, तर तो व्यायाम आज तुमचा नाही. बाळ उचलताना, पाण्याची बादली उचलताना श्वास कोंडायचा नाही, सोडत उचलायचं. शौचाला जोर करायचा नाही.

बिछान्यातून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताचा आधार घेऊन बसायचं, हेही तिथं शिकवलं. माझी आजी तासगावची. तिनं घरातल्या प्रत्येक बाळंतिणीला "कुशीवर वळून ऊठ" म्हणून दटावलंय. त्यामुळं आपल्या बायकांना काही कळत नव्हतं असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. सव्वा महिना विश्रांती, मालिश, डिंकाचे लाडू, हातात गरम ताट. वर्गातल्या जर्मन मुली दुसऱ्या आठवड्यात दुकानातून सामान वाहत होत्या. माझी आई व्हिसाचे नव्वद दिवस इथं होती म्हणून मला ते करावं लागलं नाही.

पट्ट्याचं म्हणाल तर आईनं आणलेला मी बांधला. कमरेला आधार वाटतो, चालताना बरं वाटतं. पण स्नायूचं काम पट्टा करत नाही आणि करकचून आवळला तर दाब खाली, ओटीपोटाच्या तळाकडे जातो.

पहिलं बाळंतपण माहेरी केलं नाही म्हणून मला अजून बोलणी बसतात. नवऱ्याला इथं मुलासाठी रजा मिळाली, तो पहिल्या दिवसापासून बाळाजवळ राहिला, हे मला महत्त्वाचं वाटलं. आणि सांगलीत असते तर सव्वा महिना राणीसारखी राहिले असते, पण त्यानंतर माझ्या पोटाकडे बघायला कुणी आलं नसतं, टोमणा मारण्यापुरतं सोडून.

खरं तर आपल्याकडे काही कमी नाही. मिरजेत १८९४ मध्येच मिशन हॉस्पिटल सुरू झालं, कर्नाटकातून माणसं तिथं उपचाराला येत. शिकलेल्या फिजिओथेरपिस्ट सांगली-मिरजेतही आहेत. पण आपण त्यांच्याकडे गुडघा आणि मान घेऊन जातो, बाळंतिणीचं पोट घेऊन जात नाही. खोकताना लघवी गळत असेल, खाली काही उतरल्यासारखं जड वाटत असेल, बेंबीपाशी दुखरी गाठ लागत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. गाठ हर्नियाची असू शकते. वर्ष उलटलं असलं तरी व्यायामानं ताकद येते. फट थोडी राहिली तरी पोट कामाला लागतं.

बहिणीनं मिरजेत वेळ घेतली आहे. तिच्या सासूबाईंना मी स्वतः फोन केला. पट्ट्यावरून वाद घातला नाही, एवढंच मागितलं की रोज संध्याकाळी अर्धा तास बाळ तुमच्याकडे आणि तिचं दार बंद. आधी म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी केलं हे?" मग त्यांनीच विचारलं, "खोकताना होतंय म्हणालीस, ते माझ्या वयात पण बरं होतं का गं?" होतं, म्हटलं. पुष्कळ फरक पडतो. आता दोघी एकत्रच जाणार आहेत.