कान्हाचं पर्मिट हातात येईपर्यंत

मे महिन्यात मध्य प्रदेशातल्या कान्हा राष्ट्रीय उद्यानात जायचं मनात असेल तर रेल्वे, रिसॉर्ट, टॅक्सी सगळं नंतर बघा. आधी जंगलाचं पर्मिट घ्या आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. एवढं ठासून सांगते, कारण त्या एका कागदापायी आमची सहल बोंबलायच्या बेतात होती. जाऊन आलो, बाबांची हौस फिटली, सगळं छान झालं, तरी सफारी बुक करणाऱ्या एजंटाचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापतं.

कान्हा बाबांनी ठरवलं होतं. आयुष्यभर शाळेत शिकवलं, पण मध्य भारतातला कडक जमिनीवर राहणारा बारशिंगा, म्हणजे फांद्याफांद्यांच्या शिंगांचं मोठं हरीण, काही बघितला नव्हता. १९७० मध्ये हे बारशिंगे फक्त ६६ उरले होते. तेही साऱ्या जगात एकट्या कान्हात. तिथून ते शेकड्यांत गेले, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांनी अनेकदा ऐकलीय. वाघ दिसला तर दिसला, बारशिंगा दिसायलाच हवा, एवढीच बाबांची अट. उद्यान पावसाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर, बंद असतं. मुलीला सुट्टी मे महिन्यात. म्हणून ऊन असलं तरी मे पक्का केला.

आम्ही साताऱ्याचे. महाराष्ट्र एक्सप्रेस आमच्याकडून थेट गोंदियाला जाते. गोंदियाहून बालाघाट, बैहर करत मुक्की गेटला साडेतीन-चार तासांत पोचता येतं. कान्हाला खटिया, मुक्की आणि सरही अशी वेगवेगळी गेटं आहेत आणि ती एकमेकांपासून चांगलीच लांब आहेत. राहायची जागा एका गेटाला आणि पर्मिट दुसऱ्या गेटाचं असं झालं, तर पहाटेच्या अंधारात बाहेरून वळसा घालत पळावं लागतं. आम्ही मुक्की ठरवलं आणि रिसॉर्टही तिथलंच बघितलं.

सफारीचं काम ओळखीतून मिळालेल्या एका एजंटाला दिलं. मेसेजमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: दोन सफारी, दोन्ही कोअरमध्ये (म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात), मुक्की झोन, पूर्ण जिप्सी (उघडी जीप). त्याचं उत्तर आलं, "हो ताई, कोअरच." पैसे कोअरच्या हिशेबाने घेतले. मग एक रंगीत व्हाउचर आलं. त्यावर वाघाचा मोठा फोटो, रिसॉर्टचं नाव, जेवणाच्या वेळा, आणि खाली 'दोन जीप सफारी समाविष्ट'. कोणता झोन, कोणती वेळ, कोणाची नावं, काहीच नाही.

मी पर्मिट मागायला सुरुवात केली. "ताई, होऊन जाईल." मग, "सिस्टीम स्लो आहे." मग, "आमचा तिकडचा माणूस बघतोय." पुढच्या आठवड्यात फोनच उचलेना. नवरा म्हणत होता, एवढं काय मागे लागतेस, गेटवर मिळेल. पण गेटवर काय होतं ते मी वाचलं होतं. तिथे पर्मिटवरची नावं आणि मूळ ओळखपत्र ताडून बघतात. वर एका दिवशी एका झोनमध्ये ठरावीक गाड्याच सोडतात. मे महिन्यात तिथे जाऊन जागा मिळेल या भरवशावर पंचाहत्तरीच्या माणसाला एवढ्या लांब नेणं मला पटत नव्हतं. मी रोज सकाळी त्याला एकच मेसेज टाकायचे: "पर्मिटची पीडीएफ पाठवा."

शेवटी पीडीएफ आली. एक पर्मिट कोअरचं, मुक्कीचं, बरोबर. दुसऱ्यावर झोनच्या रकान्यात बफर.

बफर वाईट नाही, हे आधी सांगते. कान्हाचं कोअर ९४० चौरस किलोमीटर आहे आणि त्याच्या भोवतीच्या बफरमध्येही वाघ फिरतात. तिथली फी कमी असते. ज्याला गर्दी नको, त्याने बफर जरूर करावं. पण कोअरचे पैसे घेऊन गुपचूप बफरचं पर्मिट हातात ठेवायचं, ही सरळ फसवणूक आहे. आणि बाबांना हवा होता तो बारशिंगा राहतो आतल्या गवताळ मैदानांत. फोन लागल्यावर मी विचारलं, तर म्हणतो, "ताई, जंगल तर एकच आहे ना! वाघाला काय माहीत कोअर कुठं आणि बफर कुठं." त्या उत्तराने माझं डोकं खरोखर फिरलं. मी सांगितलं, वाघाला माहीत नसेल, पावतीला माहीत आहे. फरकाचे पैसे परत करा. तर म्हणे रिफंड होत नाही.

मग त्याच्यावर विसंबणं सोडलं. रात्री जेवणं उरकून लॅपटॉप घेऊन बसले, मध्य प्रदेश वनविभागाच्या संकेतस्थळावर खातं काढलं आणि स्वतः शोधायला लागले. हे बुकिंग महिनोन् महिने आधी खुलं होतं. त्यामुळे शनिवार-रविवार केव्हाच भरलेले. पण बुधवारची सकाळ मोकळी दिसली, मुक्की, कोअर. बुधवारी दुपारची सफारी बंद असते, म्हणून असेल कदाचित, लोक तो दिवस सोडतात. चौघांची नावं आधार कार्डावर जशी आहेत तशीच्या तशी, अक्षर न अक्षर बघत भरली. बाबांच्या कार्डावर आजोबांचं नाव पूर्ण आहे, तेही तसंच घातलं. पैसे भरले आणि पर्मिट स्क्रीनवर आलं: तारीख, झोन, सकाळची पाळी, नावं, ओळखपत्रांचे नंबर. एजंटाने जे काम आठवडेच्या आठवडे लोंबकळत ठेवलं, ते एका बैठकीत झालं. मला त्या रात्री जो आनंद झाला तो खरा सांगायचा तर वाघ दिसल्याच्या आनंदापेक्षा कमी नव्हता. बाबांना उठवून दाखवलं.

पर्मिटच्या पैशात जिप्सीचं भाडं आणि गाईडची फी नसते, ती वेगळी द्यावी लागते. रोख जवळ ठेवा. पूर्ण गाडी घेतली तर सहा पर्यटक बसतात. आमच्यासारखे चारच असाल तरी पैसे गाडीचेच लागतात. दोघंच असाल तर एकेका सीटचं बुकिंग बघा. मूळ ओळखपत्र बरोबर हवं, मोबाइलमधल्या फोटोवर जाऊ नका.

प्रत्यक्ष जंगलाबद्दल काय लिहू? उन्हाळ्यात विदर्भातली जंगलं उघडीबोडकी होतात, तसं इथे होत नाही. सालाची झाडं मे महिन्यातही हिरवीगार असतात, त्यामुळे पहाटे उघड्या जिप्सीत चक्क गारठा लागतो. बाबांसाठी जाकीट घेतलं होतं ते बरं झालं. ऊन चढलं की धूळ, तेव्हा नाकातोंडाला बांधायला पंचा किंवा ओढणी हवीच. आत उतरायला ठरावीक जागाच असतात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर पहिला थांबा किती वेळाने, हे गाईडला निघतानाच विचारून घ्या.

बारशिंगे बुधवारीच दिसले. पूर्वी तिथे वस्त्या होत्या. गावं हलवल्यावर त्या जागी गवताची मोठमोठी मैदानं तयार झाली. अशाच एका मैदानाच्या कडेला सात-आठ जण चरत होते. नरांची नवी शिंगं अजून मखमलीत होती, टोकं बोथट, मऊशार दिसणारी. एकाने मान वर केली तेव्हा शिंगाला गवताची काडी अडकलेली होती. बाबा दुर्बीण खाली ठेवायला तयार नव्हते. गाईड तिथल्या बैगा आदिवासी समाजातला होता, शांत माणूस. त्याने ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं आणि आम्हाला हवा तेवढा वेळ दिला. वाघीण पहिल्याच सफारीत दिसली होती, मागचा भाग पाण्यात बुडवून बसलेली. मुलगी अजून तिच्याबद्दलच बोलते.

दुपारी रिसॉर्टवर झोपण्याऐवजी आम्ही जवळच्या गावात चक्कर मारली. तेंदूपत्त्याचा, म्हणजे विड्यांसाठी लागणाऱ्या पानांचा, हंगाम होता. फडावर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, पानांचे पुडे ओळीने वाळत घातले होते आणि बायका पुडे मोजून देत होत्या. मे मध्ये गेलात तर हे बघा.

एजंटाचं सांगायचं राहिलं. परत आल्यावर मेसेज, पावती आणि बफरचं पर्मिट, सगळं एकत्र करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर त्याचा स्वतःहून फोन आला आणि फरकाचे पैसे खात्यात जमा झाले. त्यामुळे त्याच्याशी जे काही बोलणं असेल ते मेसेजवरच ठेवा, फोनवर ठरवू नका.

आणि परतीचं: महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून सकाळी सुटते. त्या दिवशी पहाटेची सफारी करून गाडी गाठता येत नाही. आदल्या दिवशी सकाळची सफारी उरकून दुपारी मुक्कीहून निघा आणि गोंदियात मुक्काम करा.