मग हिनं ऑप्टिक्स शिकायचं कधी?

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. दहावी सीबीएसईतून करून अकरावीला स्टेट बोर्डात येणारी मुलं दरवर्षी वर्गात असतात. सुरुवातीला जरा बुजतात, मग रुळतात. त्यामुळे जूनमध्ये एक गृहस्थ मुलीला घेऊन स्टाफरूममध्ये आले तेव्हा अकरावीच्या प्रवेशाचंच काही असेल असं वाटलं. पण मुलीची अकरावी सीबीएसईतून झालेली होती. त्यांना तिला थेट बारावीला आमच्याकडे घालायचं होतं.

"मॅडम, इंजिनिअरिंग-फार्मसीच्या सीईटीला ८० टक्के प्रश्न स्टेट बोर्डाच्या बारावीवर, अकरावीवर फक्त २०. मग बारावी तेवढी इथून केली की झालं ना?" परवानगी, मायग्रेशन सर्टिफिकेट, सगळ्याची चौकशी करून आले होते बिचारे. मुलगी मात्र गप्प होती.

मी कपाटातून बालभारतीची अकरावी-बारावीची फिजिक्सची पुस्तकं काढली, दोन्ही अनुक्रमणिका टेबलावर उघडल्या आणि मुलीच्या हातात पेन्सिल दिली. "अकरावीत जे शिकून झालंय त्यावर खूण कर."

आमच्या बारावीचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स. खूण. पुढे फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स. सीबीएसईला एनसीईआरटीची पुस्तकं असतात, आणि त्यांच्या अकरावीत हे सगळं येतं, त्यामुळे खुणा पडत गेल्या. वडिलांचा चेहरा खुलला. "म्हणजे बरंच झालेलं आहे की!"

मग मी अकरावीचं पुस्तक पुढे सरकवलं. आधीच्या धड्यांवर तिनं भराभर खुणा केल्या आणि ऑप्टिक्सपाशी, म्हणजे प्रकाशाच्या धड्यापाशी, पेन्सिल थांबली. त्यानंतरचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स, करंट, मॅग्नेटिझम, अगदी शेवटचं सेमिकंडक्टर्सही कोरंच राहिलं. सीबीएसईत हा भाग बारावीला असतो. आमच्याकडे त्याचा पाया अकरावीत घालून झालेला असतो आणि बारावीत आम्ही तिथून पुढे निघतो. रे ऑप्टिक्स, म्हणजे आरसे आणि भिंगं, तर बारावीत नाहीच, थेट प्रकाशलहरींचं वेव्ह ऑप्टिक्स. करंटमध्येही ड्रिफ्ट व्हेलॉसिटी, रेझिस्टिव्हिटी अकरावीत, आणि बारावी किरचॉफच्या नियमांपासून सुरू.

"मॅडम, मग रे ऑप्टिक्स मी शिकणार कधी?" ती पहिल्यांदाच बोलली.

"वर्गात? कधीच नाही, बाळा."

केमिस्ट्रीतही हाच प्रकार. थर्मोडायनॅमिक्स आणि आयॉनिक इक्विलिब्रियम एनसीईआरटीत अकरावीला, आमच्याकडे बारावीला. म्हणजे ती काही धडे दोनदा शिकणार आणि काही एकदाही नाही. जेईई किंवा नीटचा पेपर काढणारा तुमची अकरावी कुठे झाली हे विचारत नाही. आणि ज्या सीईटीसाठी हा खटाटोप, तिच्या २० टक्क्यांतही ऑप्टिक्स आहेच.

कुठलं बोर्ड चांगलं, या वादात मला अजिबात रस नाही. दोन्हीकडे नीट शिकलेलं मूल कुठेही टिकतं. पण विज्ञान शाखेची अकरावी-बारावी हा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे, आणि दोन बोर्डांनी तो वेगवेगळ्या ठिकाणी तोडलाय. दहावीनंतर बदला, काही बिघडत नाही. मधेच बदललं की खड्डा पडतो, आणि तो मार्कशीटवर दिसत नाही म्हणून आईवडिलांच्या लक्षातही येत नाही. अशा वेळी प्रवेश देऊन मोकळं होणारी कॉलेजं पाहिली की माझा जीव तुटतो.

वडिलांना आणखी एक भीती होती: सीबीएसईतून बारावी केली तर राज्याच्या कोट्यातली जागा जाईल. हा गैरसमज मी कितीतरी पालकांकडून ऐकलाय. डोमिसाइल, म्हणजे महाराष्ट्राचे रहिवासी असल्याचा दाखला, असला आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली असली की पुरे; बोर्ड कुठलंही चालतं. हे ऐकल्यावर ते खुर्चीत जरा सैलावून बसले.

मग आम्ही उलट यादी केली: सीबीएसईतच राहिली तर सीईटीसाठी वरचं काय करावं लागेल? गणितातलं मॅथेमॅटिकल लॉजिक, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन. केमिस्ट्रीतलं सॉलिड स्टेट आणि ग्रीन केमिस्ट्री. आणखी थोडं किरकोळ. दिवाळीच्या सुट्टीत बरंचसं उरकेल एवढंच. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मुलीनं तिथंच बसून बारावीचं गणित फोनवर उतरवून घेतलं.

निघताना वडील म्हणाले, "धाकटा यंदा दहावीला आहे." त्याला स्टेट बोर्डात आणायचं असेल तर दहावीचा निकाल लागल्याबरोबर या, अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायच्या आधी, असं मी त्यांना दोनदा बजावलं.