उसन्या चालीवर गाणारा सरदार

बर्त्रान द बोर्न गायला घ्यायचा, तर आधी चाल शोधावी लागते. बाराव्या शतकातला हा सरदार नैर्ऋत्य फ्रान्समधल्या ओतफोर गढीचा धनी होता. ऑक्सितान भाषेतला नावाजलेला त्रुबादूरही होता, म्हणजे पदं रचून त्यांना सूर देणारा कवी. त्याची चाळीसेक पदं हस्तलिखितांत टिकली आहेत, पण चाल टिकली ती फक्त एका पदाची.

मी मध्ययुगीन संगीत गाणाऱ्या एका छोट्या चमूत गाते. ख्याल शिकले पुण्यात, पोट चालतं ते या संगीतावर. त्या दिवशी ओतफोरजवळच्या एका गावच्या चर्चमध्ये संध्याकाळी आमचा कार्यक्रम होता. सकाळच्या तालमीला आमच्या प्रमुख बाईंनी दोन पदं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "दोन्ही एकाच चालीवर गा. मध्ये थांबू नका."

पहिलं पद जिरौत द बोर्नेलचं. हाही तिथलाच, एक्सिदॉयच्या परिसरातला, पण सामान्य घरातला. त्याच्या पदात प्रेयसीने दूर लोटलेला प्रियकर आलामांदा नावाच्या मुलीकडे सल्ला मागतो. दुसरं पद बर्त्रानचं, 1183 च्या सुरुवातीचं. हे सिर्वेंतेस, म्हणजे राजकारणावर कोरडे ओढणारं पद. सिर्वेंतेस बहुधा लोकांच्या ओठी असलेल्या चालीवरच रचायचे. नाट्यपदांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या गाण्याची ओळ छापलेली असते, अगदी तसंच. बर्त्रान तर पदातच सांगून टाकतो: आलामांदाच्या चालीवर मी रिचर्डला, म्हणजे इंग्लंडच्या राजपुत्राला, सल्ला देतो, त्याने मागितला नसला तरी.

कडव्याची घडण अशी आहे. दहा-दहा अक्षरांच्या पाच ओळी एकाच यमकावर चढत जातात, आणि मग एकदम चार अक्षरांची तोकडी ओळ येते. जिरौतच्या पदात तिथे प्रियकर कळवळून विचारतो, "केम कोसेल्यात्स?" काय सल्ला देशील? त्याच जागी, त्याच सुरांवर बर्त्रान म्हणतो, "तांत एस फोर्साट्स!" इतका दबलाय तो! दबलेला कोण, तर तरुण राजा हेन्री. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचा हा मुलगा. बापाने 1170 मध्येच त्याच्या डोक्यावर मुकुट चढवला, पण राज्य करायला जमीन दिली नाही. भाऊ रिचर्डवरचा दावाही त्याने बापाच्या हुकमावरून सोडून दिला. जमीन नाही, हुकूमत नाही, तर होऊ दे त्याला भेकडांचा राजा, असं म्हणून बर्त्रान कडवं संपवतो.

पहिल्यांदा गायले तेव्हा या ठिकाणी अंगावर सर्रकन काटा आला. ऐकणाऱ्याच्या कानात प्रियकराचा हुंदका आधीपासून बसलेला आहे, आणि त्यावर हा सरदार राजपुत्राची लाज काढतो. चाल उसनी असल्यानेच घाव इतका खोल जातो. नवीन चाल लावली असती तर ही धार आली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

हा माणूस साधा नव्हता. ओतफोरची गढी त्याची आणि भाऊ कॉन्स्तांतँची सामाईक होती. भावाला त्याने हुसकून लावलं. कॉन्स्तांतँ रिचर्डच्या आश्रयाला गेला, आणि बर्त्रान तरुण राजाच्या बाजूने रिचर्डविरुद्धच्या बंडात उतरला. पण 11 जून 1183 ला तरुण राजा मार्तेल गावी आमांशाने गेला, वय अवघं 28. बंड कोसळलं. रिचर्डने आरागॉनच्या राजाला सोबत घेऊन ओतफोर घेतलं. ती गढी पुढे दुसऱ्या हेन्रीने बर्त्रानला परत दिली.

काही महिन्यांपूर्वी ज्याला भेकडांचा राजा म्हटलं, त्याच्यावर याने विलापिका रचली. "मोन चान फेनिस", म्हणजे माझं गाणं मी दुःखात आणि यातनेत संपवतो, अशी तिची सुरुवात आहे. तिच्यासोबत चाल कुठेही लिहिलेली नाही. आम्ही ती वाद्यांशिवाय नुसती वाचायची ठरवली होती.

तालमीत वाद झाला तो शेवटावरून. बाईंना कार्यक्रम इटालियन कवी दान्तेच्या काव्याने संपवायचा होता. दान्तेच्या नरकात बर्त्रान स्वतःचं तुटलेलं मुंडकं कंदिलासारखं हातात धरून चालतो, कारण त्याने बापलेकांत फूट पाडली. प्रसंग जबरदस्त आहे, पण माझ्या मते बर्त्रानवर अन्याय करणारा. ती फूट त्याने पाडली नव्हती. मुलं 1173 मध्येच बापावर उठली होती, आईच्या पाठिंब्यासकट. एका गढीच्या धन्याच्या पदांनी राजघराणं फुटत नसतं. पदांसोबत पुढच्या शतकात ज्या कथा लिहिल्या गेल्या, त्यांनी त्याला एवढा मोठा कळलाव्या करून ठेवला. मी हे सगळं बोलले, आणि विलापिका शेवटी घ्या असा हट्ट धरला. बाई म्हणाल्या, "आज तुमच्या मनासारखं करू."

संध्याकाळी "तांत एस फोर्साट्स" म्हणताच दुसऱ्या रांगेतले एक आजोबा मोठ्याने हसले. नंतर भेटायला आले. लहानपणी घरात ऑक्सितानच बोलायचे, तीही लिमुझँ या जवळच्या भागातली. "सगळं नाही कळलं," ते म्हणाले, "पण त्या राजाला झोडलेलं बरोबर कळलं. मग नंतर एवढं रडायचं कशाला?"

मी म्हटलं, दोन्ही खरं असणार. ज्याच्याकडून आशा असते त्यालाच माणूस असा बोलतो. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते आश्रयदाता गेला, आता गढी जाणार, म्हणून सरदार रडला. मग त्यांना सांगितलं की हाच सरदार 1196 च्या सुमारास जवळच्याच दालोंच्या मठात भिक्षू झाला, आणि गढी सोडून उरलेलं आयुष्य तिथेच राहिला. "म्हातारपणी गढी मुलांनाच द्यायची असते," आजोबा म्हणाले, आणि विलापिकेचा कागद माझ्याकडून मागून घेऊन गेले.

आता आमच्या कार्यक्रमात दान्ते सुरुवातीला असतो. बाईंना अजून ते पुरतं मान्य नाही.