सावलीचा बाक

घराच्या प्रॉपर्टी कार्डावर वडिलांच्या जागी माझं नाव लावायचं, एवढ्याशा कामाला यंदा मे महिन्यात चार खेपा झाल्या. काम रखडलं, पण त्या सरकारी इमारतीशी ओळख झाली.

सोलापुरात पाहुणा आला की आपण त्याला वारदांचं इंद्रभुवन, तो जुना नक्षीदार महाल, दाखवतो. ही तीन मजली काँक्रीटची पेटी कोण दाखवणार? नक्षी म्हणून एक फूल नाही. पश्चिमेला मात्र मागाच्या फणीसारख्या उभ्या, जराशा तिरक्या काँक्रीटच्या फळ्या, जमिनीपासून गच्चीपर्यंत. १९५०च्या दशकात वास्तुविशारद ल कॉर्बुझिए चंदीगडचं सचिवालय बांधत होते, तेव्हा त्यांनी ऊन अडवायला काँक्रीटचीच जाळी दर्शनी भागावर चढवली. पुढे ती चाल देशभर सरकारी बांधकामांत आली. आमच्याकडे ती कुणा इंजिनिअरनं आणली, देव जाणे. पण त्याला ऊन कळत होतं. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा छज्जा पुरतो. चार वाजता तोच सूर्य तिरका होऊन थेट तोंडावर येतो, तिथं छज्जा काय करणार? तिथं उभी फळीच हवी.

व्हरांड्यात भिंतीला लागून लांबलचक बाक आहे. त्यावर ऊन येतं ते पट्ट्यापट्ट्यांनी, आणि माणसं बसतात ती सावलीच्या पट्ट्यांत. पट्टा सरकला की सगळे वीतभर सरकतात. शेजारचे आजोबा म्हणाले, "ओ, सरका की जरा. हितं ऊन आलं बघा." नंबर कुणाचा, कागद कुणाचे, सगळं त्या सरकण्यातच कळतं.

फक्त एका जागी कुणी सरकत नाही. साहेबांच्या खोलीला एसी बसवताना तिथल्या दोन फळ्या तोडल्यात. लोखंडी सळ्या अजून बाहेर आहेत. तेवढ्यातून ऊन अख्खं आत येतं, वर यंत्राचा गरम वारा. बाकाचा तेवढा तुकडा दुपारभर रिकामा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही दाटीवाटीनं.

चौथ्या खेपेला माझं नाव पुकारलं. मी उठलो, तसे आजोबा लगेच माझ्या सावलीत सरकले आणि पिशवीतली कडक भाकरी काढून मोडायला लागले.