तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांनी मला आपलं मानलं का?

हा प्रश्न मला साताऱ्यात विचारतात, पुण्यात विचारतात, लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेले की जेवणाच्या रांगेत ताट हातात असताना विचारतात. "त्या गावासाठी एवढं करतेस, पण त्यांनी तुला आपलं मानलं का?" विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. नाही म्हटलं तर मग कशाला मरतेस त्यांच्यासाठी, आणि हो म्हटलं तर बिचारी स्वतःची समजूत घालतेय. सोळा वर्षं मी हसून विषय बदलत आले. आता एकदा नीट लिहिते.

आम्ही इंग्लंडमधल्या श्रॉपशरला कसे आलो, ह्यांची नोकरी, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. गावाची वस्ती साडेतीनशे. वेल्सची हद्द सात मैलांवर. चर्च, एक पब, एक सभागृह, आणि गावकऱ्यांनीच वर्गणी काढून चालू ठेवलेलं दुकान. मंगळवारी सकाळी त्या दुकानाच्या गल्ल्यावर मी असते, बिनपगारी. टेलिफोन कंपनीने लाल बूथ एका पौंडाला गावाला देऊन टाकला, त्यात आता हृदय बंद पडल्यावर झटका द्यायचं यंत्र आहे. त्याचा हिरवा दिवा लागलाय ना, हे दर शनिवारी बघायचं काम माझं. ऑगस्टच्या प्रदर्शनात कांदे, घेवडा, केक मांडले जातात तेव्हा टेबलांवर पांढरे कागद अंथरायला मी असते. मेच्या शेवटच्या रविवारी शेजारच्या ॲस्टन-ऑन-क्लनमध्ये एका पॉप्लरच्या झाडाला झेंडे बांधतात आणि ते वर्षभर तसेच राहू देतात. पहिल्यांदा ते झाड पाहिलं तेव्हा मला आमच्या म्हसोबाचा लिंब आठवला होता. जुनं झाड १९९५ मध्ये पडलं, तर त्याचीच फांदी लावून वाढवलेलं रोप तिथे उभं केलं. अशी माणसं आहेत ही. मला आवडतात. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बघा, आम्ही सांगत होतो.

आणखी एक. "तुला तिथे मत तरी आहे का?" आहे. पासपोर्ट भारताचा असला तरी इथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला मत देता येतं, कायमचं राहायची परवानगी असेल तर पॅरिश कौन्सिलला उभंसुद्धा राहता येतं. पॅरिश कौन्सिल म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं, १८९४ च्या कायद्यापासून चालत आलेलं. तेव्हा हक्काचा प्रश्न नाही. तुम्ही हक्काचं विचारत नाही, हे मलाही कळतं.

२०१८ मध्ये मी चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायला शिकले. पहिल्या महायुद्धात इथले चौदाशे घंटावादक मारले गेले होते. युद्ध संपल्याला शंभर वर्षं होत होती, म्हणून देशभर तेवढेच नवे वादक तयार करायचे असं ठरलं. आमच्या मनोऱ्यात सहा घंटा आणि माणसं पाच. मी नाव दिलं. "तू हिंदू, चर्चमध्ये कशाला?" हेही विचारून झालंय तुमचं. घंटा वाजवणं ही तिथे प्रार्थना नसते. ते एक कसब आहे, गणिताचं आणि खांद्याचं. सहा घंटांचे सातशे वीस क्रम होतात, प्रत्येकाने आपली जागा ध्यानात ठेवायची. दोनअडीचशे किलोची घंटा वर उलटी उभी असते, तिला दोराने तोलायचं, ती पूर्ण गोल फिरते. घंटा दिसत नाही, फक्त दोर दिसतो आणि दोरावरची लोकरीची मूठ, सॅली. चुकीच्या क्षणी सॅली धरून ठेवली तर माणूस उचलला जातो.

मला शिकवलं ते एका सत्तरीतल्या गृहस्थांनी. त्यांचं नाव लिहीत नाही. पहिले दोन महिने माझ्या मागे उभं राहून त्यांनी माझ्या हातांवर हात ठेवून दोर ओढलाय. माझी उंची पाच फूट, म्हणून त्यांनी मला उभं राहायला एक लाकडी खोकं करून दिलं, कडा घासून गुळगुळीत केलेलं. त्यांची आई वेल्समधून, सात मैलांवरून, लग्न होऊन इथे आली. मरेपर्यंत गाव तिला 'वेल्शीण' म्हणत होतं, हे त्यांनीच मला मनोऱ्याच्या जिन्यात सांगितलं होतं.

त्याच वर्षी पाद्रीबाईंनी विचारलं, तुमच्या घरचं कुणी होतं का युद्धात? माझे पणजोबा ११० मराठा पलटणीत होते, इराकमधल्या कुतच्या वेढ्यात सापडले, घरी आले नाहीत. एवढंच घरात ठाऊक आहे. आमच्या गावच्या चावडीत सरकारने लावलेली संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. आकडे आहेत, नावं नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावरही तसंच, अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हजारो हिंदी शिपाई पलटणीखाली आकडा म्हणून राहिले. इथे गावच्या युद्धस्मारकाच्या क्रूसावर अकरा नावं आहेत, आणि दर नोव्हेंबरात, युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाच्या म्हणजे रिमेम्बरन्सच्या रविवारी, ती अकराही मोठ्याने वाचतात. २०१८ साली बारावं नाव माझ्या पणजोबांचं वाचलं. पाद्रीबाईंनी आदल्या दिवशी फोनवर माझ्याकडून ते चार वेळा म्हणवून घेतलं होतं. 'ज्ञा' त्यांना जमला नाही. मी रडले. आईला फोन करून सांगितलं तेव्हा तीही रडली. त्या दिवशी तुम्ही विचारलं असतंत तर मी हो म्हणाले असते, अगदी छाती पुढे काढून.

आता ऑक्टोबर २०२३ ची सभा.

गावालगतच्या एका शेतात सहा घरं बांधायचा प्रस्ताव होता. एरवी जिथे बांधकामाला परवानगी मिळत नाही अशा जागेवर, कमी भाड्याची, आणि गावाशी नातं असलेल्यांसाठीच राखीव. नातं म्हणजे काय हेही कागदावर मांडलेलं: ठरावीक वर्षं राहिलेला, इथे नोकरी असलेला, आईवडील इथे असलेला. सभागृह भरलं होतं. चहाची व्यवस्था माझ्याकडे होती. त्या सभागृहात फिकट हिरव्या कपबश्या आहेत, बेरिल वेअर, दुसऱ्या महायुद्धापासून इंग्लंडच्या कितीतरी गावांच्या सभागृहांत असतात तशा. पहिल्या रांगेत कुणाचं तरी श्रवणयंत्र शिट्टी मारत होतं. विरोधात बोलणारे बरेच होते: रस्ता अरुंद, ओढ्याला पूर, गावाचं रूप जाईल.

मी उठले. मी लिहून आणलं नव्हतं. मी म्हटलं, गावातल्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला, गोळ्या द्यायला जी मुलगी येते ती याच गावात जन्मली. तिला इथे भाडं परवडत नाही म्हणून ती रोज सकाळी चाळीस मिनिटं गाडी चालवत येते. बर्फ पडला की येऊ शकत नाही. तिच्यासाठी घर बांधायला गावाचं रूप आड येत असेल तर ते रूप कुणासाठी जपायचं?

ते गृहस्थ उभे राहिले. माझे गुरू, मी मनात त्यांना तसंच म्हणत असे. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण तुम्ही इथल्या नाही. गावात काय व्हावं हे गावातल्यांना ठरवू द्या."

मागून टाळ्या आल्या. सगळ्यांनी नाही वाजवल्या, दहाबारा जणांनी असतील. पण ज्यांनी नाही वाजवल्या त्यांतलं कुणी काही बोललंही नाही. चर्चच्या फुलांची पाळी मी जिच्याबरोबर अकरा वर्षं करतेय ती मैत्रीण दुसऱ्या रांगेत होती. ती कपातल्या चहाकडे बघत बसली. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं.

मी खाली बसले. सभा संपल्यावर सगळे गेले आणि मी कप धुवायला थांबले, कारण पाळीच्या तक्त्यावर माझं नाव होतं. बेचाळीस कप होते. धुतले, पुसले, कपाटात उपडे घातले. तुम्ही म्हणाल, तसेच टाकून यायचे होतेस. मीही किती रात्री स्वतःला तेच म्हटलंय. त्या वेळी सुचलं नाही एवढं खरं.

मग मी जाणं बंद केलं. शुक्रवारचा सराव नाही, रविवारची घंटा नाही. पहिल्या रविवारी स्वयंपाकघरात पोहे करत होते, खिडकी उघडी होती. घंटा सुरू झाल्या. सहा घंटा वाजतात तेव्हा सूर वरून खाली पायऱ्यांसारखे उतरतात, सगळ्यात उंच सूर पहिला. तो ट्रेबल, माझा. त्या दिवशी पायऱ्या दुसरीपासून सुरू होत होत्या. पाच उतरायच्या, पुन्हा पाच. त्यांनी माझ्या जागी कुणाला उभं केलं नव्हतं, कारण गावात सहावं माणूसच नव्हतं. मला बरं वाटलं, हे कबूल करते. आणि मग इतकं वाईट वाटलं की गॅस बंद करून बसून राहिले.

चौथ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. म्हणाले, "रविवारी रिमेम्बरन्स आहे. सहाच्या सहा लागतील." बस. माफी नाही, त्या सभेचा उल्लेख नाही. मी "बघते" म्हणाले आणि ठेवला.

तो रविवार होता १२ नोव्हेंबर २०२३. त्याच दिवशी नरकचतुर्दशी आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन. पहाटे पाचला उठले, ह्यांना तेल लावलं, उटणं लावून अंघोळी झाल्या, दारात पणत्या लावल्या, कारीट मिळत नाही म्हणून ते राहिलं. चकली-लाडवाचा फराळ केला. नऊपर्यंत मी जाणार नव्हते. साडेनऊला कोट घातला. का, ते विचारू नका. पणजोबांसाठी म्हणून गेले असं आईला सांगितलं. त्या वर्षी पणजोबांचं नाव वाचणार नव्हते, ते फक्त २०१८ मध्ये वाचलं होतं, हे मला माहीत होतं.

मनोऱ्यातल्या खोलीत पाचही जण दोरांपाशी उभे होते. गार दगडी खोलीत माझ्या अंगाच्या उटण्याचा वास मलाच येत होता. ट्रेबलच्या दोराखाली ते खोकं ठेवलेलं होतं. एरवी ते कपाटाखाली असतं, मी स्वतः ओढून घेते. त्या दिवशी ते आधीच जागेवर होतं, आणि त्यावर धूळ नव्हती.

त्या दिवशी घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामड्याची गादी बांधतात. एक ठोका स्वच्छ येतो, पुढचा दबलेला, डोंगरापलीकडून आल्यासारखा. सुरुवात ट्रेबलवाल्याने करायची असते. तो पुकारतो, "लुक टू", म्हणजे सावध. मग "ट्रेबल्स गोइंग". मग "शीज गॉन", आणि बाकी पाच त्याच्यामागे येतात. सगळे माझ्याकडे बघत होते, तेही. मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. ते थांबले. सगळे थांबले. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. मग मी म्हटलं, लुक टू.

त्यानंतरही त्यांनी कधी माफी मागितली नाही, मी मागायला लावली नाही. घरं अजून कागदावर आहेत. फुलांच्या पाळीतल्या मैत्रिणीला मी एकदा विचारलं, तू बोलली का नाहीस? म्हणाली, "मला वाटलं तू उत्तर देशील." हे खरं असेल, पळवाटही असेल. खोकं ही माफी होती का, मला माहीत नाही. सहावं माणूस हवं होतं म्हणून ठेवलेलं खोकं आणि माझ्यासाठी ठेवलेलं खोकं, यांत फरक काय असतो, हे मी दोन वर्षं मनात घोळवतेय. एका आठवड्यात एक वाटतं, दुसऱ्या आठवड्यात दुसरं.

आणि जे तुमच्यापैकी कुणालाच सांगितलं नव्हतं, तेही सांगते. बहात्तरच्या दुष्काळात माणमधून एक कुटुंब आमच्या गावात आलं. ओढ्यापलीकडे राहिलं, शेतं वाट्याने केली, पुढे दोन एकर घेतली. १९८८ मध्ये जत्रेच्या बैठकीत त्या घरचा कर्ता उठून म्हणाला, औंदा छबिना आमच्या वस्तीवरनं न्या. माझे आजोबा मानकरी. ते म्हणाले, "तुमी माणदेशी. गावकीत बोलायचं न्हाय." सगळे जमिनीकडे बघत बसले. तो माणूस खाली बसला. त्या कुटुंबाला गावात तेव्हा सोळा वर्षं झाली होती. मी अकरा वर्षांची, खांबाला टेकून उभी होते, आणि आजोबांचा मला फार अभिमान वाटला होता. ही आठवण मला सभागृहात आली नाही. कप धुताना आली. ती अकरा वर्षांची मुलगी आणि मी, आमचं अजून पटत नाही. ती म्हणते, गाव असंच टिकतं. मी तिला खोडून काढू शकत नाही, कारण आजोबांनी गाव टिकवलं होतं, आणि तो माणूस खाली बसला होता, ही दोन्ही माझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहेत.

यंदा जानेवारीत गावी गेले तेव्हा ओढ्यापलीकडे गेले. म्हातारा कधीच गेला. मुलगा घरी होता, माझ्याच वयाचा. मी आजोबांबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली, पण त्याने बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि विलायतेचं विचारत बसला. थंडी किती, शेती कशी, गुरं कुठली. चहा आला. कपाच्या कडेवरून माझ्याकडे बघत तो म्हणाला, "आक्का, तिकडच्यांनी तुमाला गावात धरलं का?"

तुम्ही सगळ्यांनी विचारलंत, पण मी लिहायला बसले ते त्याने विचारलं म्हणून. त्याला मी काही उत्तर दिलं नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही. निघताना त्याच्या बायकोने ओटी भरली.