बेल्टवरची पहिली बॅग

विमानतळाचा परफॉर्मन्स मोजतो म्हटलं की लोकांना वाटतं एसीत बसून एक्सेल. बरंचसं तसंच आहे म्हणा, बॅगांच्या वेळा आम्हाला ठेकेदाराच्या रजिस्टरमधूनच मिळतात. पण मधूनमधून खरं-खोटं बघायला स्टॉपवॉच घेऊन स्वतः उभं राहावं लागतं. विमान थांबून चाकांना ठोकळे लागले की घड्याळ सुरू, बेल्टवर पहिली बॅग पडली की ती वेळ लिहायची. १० मिनिटांच्या वर गेलं तर ठेकेदाराला दंड. शेवटच्या बॅगेवर दंड नाही, कारण शेवटची कुठली यावरूनच भांडणं व्हायची.

त्या दिवशी पहिल्या फ्लाइटला ८ मिनिटं. झकास. काळी बॅग, हँडलला निळी चिंधी, एकटीच गोल गोल फिरतेय, कोणी उचलेना, आणि बाकीच्या बॅगा आल्या अर्ध्या तासाने. दुसऱ्या फ्लाइटला ९ मिनिटं आणि परत निळी चिंधी! म्हटलं असेल कोणाचीतरी तशीच. तिसऱ्यांदा मात्र उचललीच, तर रिकामी. बॅगेला १० आकडी नंबरचा टॅग असतो ज्यावरून ती कुठल्या विमानातली ते कळतं, तो नाहीच, नुसता जुन्या स्टिकरचा चिकटा.

म्हणजे इतके महिने मी वर पाठवलेला हिरवा रकाना या रिकाम्या बॅगेचा होता. शिवाय बिनटॅगची बॅग आतून बेल्टवर येते हे सिक्युरिटीलाही दिसलं नाही, ते वेगळंच.

तणतणत मागे गेलो. मुकादम शांतपणे म्हणाला, "साहेब, बॅगांच्या गाड्या ओढणाऱ्या दोन ट्रॅक्टरपैकी एक पार्टसाठी उभाय, पार्ट बाहेरच्या देशातून येणार. तीन विमानं पाठोपाठ उतरवता तुम्ही, आणि दंड कापतात पोरांच्या पगारातून." काय बोलणार? तो दंडाचा नियम लिहिणाऱ्यांत मीही होतो.

आणि साहेब लोकांना काळजी प्रवाशांच्या सर्व्हेची, १ ते ५ मार्कांचा. आमच्याकडे तो निघणाऱ्या प्रवाशांकडून गेटवर भरून घेतात, म्हणजे बॅगेसाठी तासभर ताटकळलेला माणूस त्यात येतच नाही.

रिपोर्ट अजून दिलेला नाही. खरं लिहिलं तर पोरं जातील, ट्रॅक्टर एकच राहील. बॅग माझ्या टेबलाखाली आहे. लॉस्ट अँड फाउंडला जमा करायला गेलो होतो, तर फॉर्ममध्ये फ्लाइट नंबर भरल्याशिवाय घेत नाहीत.