घरचा क्लस्टर: गुरुवारसाठी नोड राखून ठेवणं जमलं

मागच्या नोंदीपर्यंत क्लस्टरच्या चारही नोडवर (म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर) स्लर्म, म्हणजे कुणाचं काम कधी आणि कुठल्या नोडवर चालवायचं ते ठरवणारा शेड्यूलर, बसला होता आणि रांगेतले जॉब, म्हणजे त्याला दिलेली कामं, सुरळीत चालत होते. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ऑफिसांतून भंगारात निघालेले चार मिनी पीसी आहेत, प्रत्येकाला 4 कोर, जीपीयू एकालाही नाही. कंट्रोलर म्हणून एक रास्पबेरी पाय आहे आणि तो इन्व्हर्टरवर आहे. वापरणारे तीन जण: पुतण्याचं ब्लेंडर (थ्रीडी ॲनिमेशन), मित्राचं ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन) आणि माझं टेसरॅक्ट (जुन्या छापील पानांवरचा मजकूर ओळखणं). अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत मोठमोठ्या मशीनसाठी लिहिलेला आणि आज पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म या महासंगणकावरही चालणारा शेड्यूलर चार डबड्यांसाठी म्हणजे अंमळ जास्तच, पण हौसेला मोल नाही.

या वेळचा विषय आगाऊ आरक्षण. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी, साधारण साडेनऊ ते पाच. इन्व्हर्टरवर रास्पबेरी पाय आणि राउटर तगतात, नोड नाहीत. म्हणजे त्या वेळात कुठलाच जॉब चालू असता कामा नये.

आरक्षण करणं एका ओळीचं काम आहे. एसकंट्रोल या स्लर्मच्या व्यवस्थापनाच्या कमांडला नाव, सुरुवातीची वेळ, कालावधी, नोड आणि वापरकर्ता द्यायचा. मी वापरकर्ता रूट (म्हणजे मुख्य प्रशासक) ठेवला, नोड सगळे आणि फ्लॅग, म्हणजे जादा पर्याय, दोन: मेंट (देखभाल) आणि वीकली. वीकलीमुळे तेच आरक्षण दर आठवड्याला आपोआप पुढे सरकतं. मेंटमुळे तो वेळ हिशेबात ठरवून घेतलेला खंड म्हणून धरला जातो, शिवाय त्याच नोडवर दुसरं कुणाचं आरक्षण असलं तरी हे त्यावर बसू शकतं. चालू जॉब त्या वेळेत घुसत असेल तर स्लर्म 'नोड व्यग्र आहेत' म्हणून आरक्षणच नाकारतो. इग्नोर जॉब्ज हा फ्लॅग दिला की मुकाट्याने करून देतो. पण तो दिला म्हणून चालू जॉब थांबत नाही, हे लक्षात असू द्या. त्याचं काय करायचं ते तुम्हीच बघायचं.

खरी गंमत पुढे आहे. आरक्षण केल्याबरोबर मित्राचे ग्रोमॅक्सचे जॉब रांगेत अडकले. चारही नोड रिकामे, वार शुक्रवार, तरी एसक्यूमध्ये, म्हणजे रांग दाखवणाऱ्या कमांडमध्ये, कारणाच्या रकान्यात 'देखभालीसाठी राखीव' अशा अर्थाची ओळ. यात बिघाड काहीच नाही. पार्टिशनला (नोडांच्या गटाची रांग) डीफॉल्टटाइम, म्हणजे वेळ न सांगणाऱ्या जॉबची मर्यादा, दिलेला नसेल तर जॉबला मॅक्सटाइम, म्हणजे कमाल मर्यादा, लागू होतो, आणि मॅक्सटाइमही दिलेला नसेल तर तो अमर्याद. अमर्याद जॉब केव्हाही सुरू केला तरी पुढच्या गुरुवारला आडवा येणारच. मग स्लर्म तो सुरूच करत नाही.

हे रेल्वेसारखंच आहे. कल्याणला चढणाऱ्याच्या सीटवर दादरहून ठाण्याला जाणारा खुशाल बसू शकतो. कुठे उतरणार ते न सांगणाऱ्याला कुणी बसू देणार नाही. म्हणून मी म्हणतो, आरक्षणाचं निम्मं काम एसकंट्रोलमध्ये नसून वेळेच्या मर्यादेत आहे. आता पार्टिशनला डीफॉल्टटाइम एक तास आणि मॅक्सटाइम दोन दिवस दिलाय. ज्याला जास्त वेळ हवा त्याने एसबॅचमध्ये, म्हणजे जॉब रांगेत टाकणाऱ्या कमांडमध्ये, तसं लिहायचं. मित्राने कुरकुर केली, पण एसॲक्टमधून (झालेल्या जॉबांचा हिशेब दाखवणारी कमांड) त्याचे जुने जॉब खरोखर किती वेळ चालले ते काढून दिल्यावर गप्प बसला.

पुतण्याचं प्रकरण जास्त मजेचं. दहा सेकंदांचं ॲनिमेशन, म्हणजे 240 फ्रेम. एका नोडवर एका फ्रेमला साधारण 16 मिनिटं. अख्खं ॲनिमेशन एकाच जॉबमध्ये दिलं तर एका नोडवर 64 तास. मॅक्सटाइममध्येच बसत नाही. म्हणून जॉब ॲरे, म्हणजे एकाच वेळी दिलेले अनेक सारखे छोटे जॉब, केला: एक फ्रेम, एक नोड, मर्यादा 25 मिनिटं. बुधवारी रात्री नऊला सोडला. गुरुवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनंतर नवी फ्रेम सुरू होणं बंद, कारण 25 मिनिटं साडेनऊच्या आत बसत नाहीत. तोवर 185 च्या आसपास फ्रेम झाल्या होत्या. शेवटच्या फ्रेम संपून साडेनऊ वाजेपर्यंतच्या फटीत माझी टेसरॅक्टची पाच-पाच मिनिटांची पानं जाऊन बसली, रांगेत मागे असूनही. बॅकफिल म्हणतात तो हाच. संध्याकाळी नोड परत उभे राहिल्यावर उरलेल्या फ्रेम कुणी हात न लावता सुरू झाल्या.

नोड बंद करणं मात्र स्लर्म करत नाही. त्यासाठी प्रत्येक नोडवर साडेनऊनंतर लगेच शटडाउन करणारं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) आहे, आणि वीज आली की मशीन सुरू होण्याची सोय बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये. स्लर्ममधलं रिटर्नटूसर्व्हिस हे सेटिंग मुद्दाम 2 ठेवलंय, म्हणजे परत आलेला नोड आपोआप कामाला लागतो. मूळचं 0 असतं. मग उत्तर देईनासा झालेला नोड परत आला तरी डाउनच राहतो आणि हाताने रिझ्यूम करावा लागतो.

आता रविवारी दुपारी मित्रासाठी दोन नोड राखून बघतोय. हे आरक्षण वापरायचं तर एसबॅचमध्ये त्याचं नाव द्यावं लागतं, आणि ते तो हमखास विसरणार. म्हणून मॅग्नेटिक फ्लॅग: पात्र जॉब नाव न देताही आरक्षणात ओढला जातो. मात्र आरक्षणाची वेळ संपली की आत चालू असलेला जॉब तिथेच मारला जातो, कारण रिझर्व्हओव्हररन, म्हणजे त्यानंतर मिळणारी सवलतीची वेळ, मुळात शून्य असतं. मी ते 15 मिनिटं केलंय. पीबीएस हा दुसरा शेड्यूलर वापरणाऱ्यांसाठी: तुमच्याकडे पीबीएस-आरसब ही कमांड आरक्षणाची वेगळी रांगच काढून देतं, तेव्हा तिथे ही सगळी मांडणी निराळी. कुणी घरी चालवत असेल तर अनुभव लिहा.